जोखीम राखावी, धोका काढावा

शहर नियोजनात मुलांच्या खेळाचा विचार बहुधा क्षेत्रफळापाशी सुरू होतो आणि क्षेत्रफळापाशीच थांबतो. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या अभिन्यासात किमान १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. परंतु त्या जागेत मुलाला चढता, खणता, उडी मारता किंवा लपता येईल का, हा प्रश्न क्षेत्रफळाच्या कोष्टकात मावत नाही. म्हणूनच घसरगुंडी, झोपाळे, सीसॉ आणि त्यांच्याभोवती पेव्हर ब्लॉक हा ठरीव संच बागेमागून बागेत उभा राहतो आणि आठ-दहा वर्षांचे मूल थोड्याच वेळात त्याला कंटाळते.

साहसी खेळ म्हणजे ज्याचा शेवट आधी ठाऊक नसतो आणि ज्यात पडण्याची, खरचटण्याची शक्यता मूल स्वतः जोखत असते, असा खेळ. नॉर्वेतील संशोधिका एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये त्याचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार अवजारे, पाणी व विस्तव यांसारख्या घातक गोष्टींचे सान्निध्य, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड होणे. ही वर्गवारी परदेशी असली तरी अनुभव परका नाही. सूरपारंब्यांत फांदीवर चढणे, पारंबीला लोंबकळणे आणि वेळ साधून खाली उडी घेणे हे सारे येते, तर लपंडावाचा प्राणच नजरेआड होण्यात आहे. ज्या बागेत झाडाच्या खालच्या फांद्या छाटल्या जातात आणि बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधला जातो, तेथे हे खेळ कोणी मना न करताही बंद पडतात.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी जोखीम आणि धोका हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरणे आवश्यक आहे. मुलाला दिसते, कळते आणि जी पत्करायची की नाही हे त्याला ठरवता येते ती जोखीम. जो दिसत नाही आणि ज्यातून शिकण्यासारखे काहीच नसते तो धोका. उंच ओंडका ही जोखीम आहे, तर त्याचा आतून कुजलेला गाभा हा धोका आहे. खेळसाधनांच्या सुरक्षिततेचे युरोपीय मानक ईएन ११७६ याच भेदावर उभे आहे. ते उंचीला मज्जाव करत नाही, तीन मीटरपर्यंतची पडण्याची उंची मान्य करते. मात्र त्या उंचीखाली वाळू असल्यास तिचा थर किमान ३०० मिलिमीटर असावा आणि खेळताना ती पांगते म्हणून आणखी १०० मिलिमीटर भरावी, असे सांगते. तसेच जमिनीपासून ६०० मिलिमीटरहून उंचावर असलेली, चहूबाजूंनी बंद आणि धड आत जाईल पण डोके अडकेल अशी, म्हणजे ढोबळमानाने ८९ ते २३० मिलिमीटरची, फट ते टाळायला लावते. बुटकी घसरगुंडी पेव्हर ब्लॉकवर बसवली की नेमके उलटे घडते: जोखीम नाहीशी होते आणि धोका तेवढा उरतो.

या विचाराचा इतिहास साधेपणाचा आहे. मुले सजवलेल्या क्रीडांगणापेक्षा बांधकामाच्या जागी आणि भंगारात अधिक रमतात, हे डॅनिश उद्यानरचनाकार सी. थ. सोरेनसेन यांनी हेरले आणि १९४३ मध्ये, जर्मन ताब्यातील कोपनहेगनच्या एम्ड्रुप वसाहतीत, फळ्या, विटा, माती आणि हत्यारे मुलांच्या हाती देणारे पहिले साहसी क्रीडांगण सुरू झाले. ब्रिटिश उद्यानरचनाकार लेडी अ‍ॅलन ऑफ हर्टवुड यांनी १९४६ मध्ये ते पाहिले आणि बॉम्बहल्ल्यांनी ओसाड झालेल्या लंडनच्या जागांसाठी तीच कल्पना लावून धरली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९४७ पासून डच वास्तुविशारद आल्डो व्हान आयक यांनी पडीक भूखंडांवर आणि चौकांत सातशेहून अधिक क्रीडांगणे रचली; वाळूचा हौद, काँक्रीटचे ठोकळे आणि लोखंडी दांड्या एवढ्यावरच त्यांनी भागवले, कारण वस्तूचा उपयोग ठरलेला नसला की तो मूल ठरवते.

तथापि एम्ड्रुपमध्ये सामानाइतकेच महत्त्वाचे होते ते तेथे रोज हजर असणारे जॉन बेर्टेलसेन. त्यांच्यासारखा खेळ-कार्यकर्ता खेळ शिकवत नाही. तो सामान पुरवतो, उघडा पडलेला खिळा काढतो आणि मुलांच्या आड येत नाही. टोकियोतील सेतागाया प्रभागाने १९७९ मध्ये हानेगी उद्यानाचा एक भाग अशा खेळासाठी खुला केला तेव्हा त्याचा कारभार स्थानिक रहिवाशांच्या सहभागाने चालवला. सार्वजनिक बागेत, लोकांच्या विश्वासावर ही व्यवस्था टिकू शकते याचे ते उदाहरण आहे.

आपल्याकडील अडचण नेमकी या रोजच्या माणसापाशी आणि देखभालीपाशी आहे. खेळणी खरेदी करून बसवणे हे भांडवली काम निविदेत सहज बसते. वाळू दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा भरणे, हौदाखालचा खडीचा थर आणि निचऱ्याची नळी साफ ठेवणे, सांधे व दोर तपासणे आणि कार्यकर्त्याचे मानधन हा मात्र आवर्ती खर्च असतो. तो नसेल तर साहसी क्रीडांगण खरोखरच धोकादायक बनते आणि पहिल्याच अपघातानंतर त्याला कुलूप लागते. म्हणून आराखडा सादर करतानाच प्रत्येक घटकाचा खेळातील लाभ, त्यातील जोखीम आणि ती स्वीकारण्याचे कारण लेखी नोंदवावे, म्हणजे सही करणाऱ्या अभियंत्याच्या हाती केवळ भीती नव्हे, तर आधारही राहील.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ ने खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. हा हक्क बागेच्या फाटकावरील फलकाने पाळला जात नाही. दहा टक्क्यांच्या त्या जागेत एक मातीचा उंचवटा, एक चढता येणारे झाड आणि अंदाजपत्रकात माणसासाठी राखलेली एक ओळ असेल, तर तो पाळायला सुरुवात होते.