विसरलेले विमान आणि त्याची तीन घड्याळे

नोव्हेंबर २०२५ मध्ये एक जुने प्रवासी विमान कोलकात्याहून बंगळूरूला निघाले. मात्र आकाशमार्गे नव्हे, तर ट्रेलरवर लादून, रस्त्याने. व्हीटी-ईएचएच या नोंदणीचे हे बोईंग ७३७-२०० तेरा वर्षे कोलकाता विमानतळाच्या एका कोपऱ्यात उभे होते. ते आपल्या मालकीचे आहे, याचाच एअर इंडियाला विसर पडला होता. विमानतळाने ते हलवण्यास सांगितले, तेव्हा कंपनीला आपल्या या मालमत्तेचा पत्ता लागला. या बातमीवर भरपूर विनोद झाले, आणि ते साहजिकच होते. परंतु विनोदापलीकडे या विमानाच्या सेवा-इतिहासात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक गंभीर धडा आहे.

हे विमान १९८२ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आले. १९९८ मध्ये ते अलायन्स एअरकडे भाडेपट्ट्याने गेले. २००७ मध्ये मालवाहू रूपात परतल्यावर त्याने भारतीय टपाल खात्यासाठी सेवा दिली आणि २०१२ मध्ये ते निवृत्त झाले. दरम्यान इंडियन एअरलाइन्सचे एअर इंडियात विलीनीकरण झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. या स्थित्यंतरांत कोठेतरी हे विमान मालमत्तेच्या यादीतून गळाले.

या विमानाचे वय किती? ‘त्रेचाळीस वर्षे’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. प्रत्येक विमानाबरोबर तीन घड्याळे चालत असतात. पहिले उड्डाणाचे तास मोजते, दुसरे उड्डाणांची संख्या आणि तिसरे दिनदर्शिकेवरची वर्षे. यांपैकी दुसरे घड्याळ सामान्य वाचकाला सर्वांत कमी ठाऊक असते. विमानाच्या सांगाड्यासाठी मात्र अनेकदा तेच सर्वांत निर्णायक ठरते.

त्याचे कारण साध्या पदार्थविज्ञानात आहे. उंचावर बाहेरची हवा विरळ होते. प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून केबिनमधील दाब वाढवून ठेवावा लागतो. या विमानात आतील आणि बाहेरील दाबांत सुमारे अर्ध्या वातावरणाचा फरक पडतो. धडाची त्रिज्या सुमारे १.९ मीटर आणि या मालिकेच्या आरंभीच्या विमानांत पत्र्याची जाडी अवघी ०.९ मिलिमीटर. दाबाला त्रिज्येने गुणून जाडीने भागले, की पत्र्यातील ताण सुमारे शंभर मेगापास्कल येतो. आतल्या कड्यांचा आधार धरला तर तो काहीसा कमी होतो. विमानासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला एवढा ताण एकदा सोसणे अवघड नाही. प्रश्न एकदाचा नसतोच. प्रत्येक उड्डाणात धड एकदा फुगते आणि एकदा सैलावते. हजारो वेळा असे घडले, की रिव्हेटच्या छिद्रांभोवती सूक्ष्म तडे जन्म घेतात. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

याच मॉडेलच्या एका विमानाने ही गोष्ट जगाला फार मोठी किंमत मोजून शिकवली. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ७३७-२०० विमानाच्या छताचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा भाग आकाशातच उडून गेला. एका हवाई सेविकेला प्राण गमवावे लागले. वैमानिकांनी मात्र ते उघडे विमान माउई बेटावर उतरवले. त्या विमानाचे वय होते १९ वर्षे, उड्डाणाचे तास ३५,४९६ आणि उड्डाणे तब्बल ८९,६८०. म्हणजे एक उड्डाण सरासरी चोवीस मिनिटांचे! तासांच्या घड्याळाने ते विमान विशेष म्हातारे नव्हते. उड्डाणांच्या घड्याळाने ते कमालीचे थकलेले होते. त्यात बेटांवरची खारी, दमट हवा पत्र्यांचे जोड पोखरत होती. तडे पडत होते, पण देखभालीतील तपासणीत ते हेरले गेले नाहीत. पुढच्या विमानांत या जोडांची रचना सुधारण्यात आली होती. तरीही जुन्या विमानांच्या तपासणीची पद्धत जगभर बदलली, ती या दुर्घटनेनंतरच.

उभे विमान विसरले गेल्याने कोणाचा जीव धोक्यात आला नाही, असा युक्तिवाद केला जाईल. तो खरा आहे. परंतु नोंद ही कारकुनी उपचार नसून अभियांत्रिकीचा भाग आहे, हे त्यातून झाकले जाऊ नये. टर्बाइनची चकती किंवा चाकांच्या यंत्रणेचा सुटा भाग हातात घेऊन त्याने किती आवर्तने सोसली, हे डोळ्यांना सांगता येत नाही. ते कागदच सांगतो. ज्याचा इतिहास हरवला, तो भाग वरून कितीही चकचकीत दिसला तरी विश्वासार्ह राहत नाही. प्रयोगशाळेतही हेच घडते: नोंदवही हरवली, की उरते ते केवळ उपकरण, मोजमाप नाहीसे होते.

म्हणूनच या कथेचा शेवट आशादायक वाटतो. बंगळूरूमध्ये हे विमान देखभाल अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाणार आहे. ७३७-२०० हे शिकण्यासाठी उत्तम यंत्र आहे. त्याच्या नियंत्रणाच्या पोलादी तारा आणि कप्प्या डोळ्यांनी पाहता येतात, हाताने चाचपता येतात. कोलकात्याच्या दमट हवेतील तेरा पावसाळ्यांनी पत्र्यावर काय परिणाम केला, हाही एक स्वतंत्र पाठ होऊ शकेल.

मात्र विद्यार्थ्यांना विमानाबरोबर त्याच्या उड्डाणांच्या आणि दुरुस्त्यांच्या उपलब्ध नोंदीही मिळायला हव्यात. कागदावरची दुरुस्ती पत्र्यावर शोधणे आणि पत्र्यावरची खूण कागदावर शोधणे, हा अभ्यास कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून मोलाचा ठरेल. एका विस्मृतीमुळे तेरा वर्षे पडून राहिलेल्या विमानाने पुढच्या पिढीला नोंद ठेवण्याची शिस्त शिकवली, तर त्याच्या दीर्घ सेवेतील ही शेवटची नेमणूक सर्वांत उपयोगी म्हणावी लागेल.