अंगणांतील जुना टायर

जी वस्तु जीर्ण होऊनहि नाहींशी होत नाहीं तिचें काय करावें, हा प्रश्न आमच्या वडिलांना फारसा पडला नाहीं. धोतर फाटलें तर त्याची चिंधी होई. गाडीचें चाक मोडलें तर तें चुलींत जाई. रबराची गोष्ट निराळी. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें रबर गंधकाबरोबर तापविलें, तेव्हां तें उन्हानें चिकटेनासें व थंडीनें तडकेनासें झालें. परंतु त्याच संस्कारामुळें तें पुन्हां वितळवितां येत नाहीं, व मातींत सहसा कुजतहि नाहीं. गुण तोच दोष!

चंद्रपूर व गडचिरोली हा १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. आज या वनप्रदेशांत बल्लारपूर-घुग्घुसचा कोळसा व सुरजागडचें लोहखनिज वाहणाऱ्या मालमोटारी धांवत असतात. त्यांचे झिजलेले टायर पंक्चरच्या दुकानामागें रचले जातात. कांहीं घरांच्या पत्र्यांवर दाबण म्हणून चढतात, तर कांहीं अंगणांत फुलझाडांचें आळें होऊन बसतात. पाऊस लागला कीं त्यांच्या पोकळींत पाणी सांचतें, आणि तेथें डेंग्यूचा एडीस डांस वाढतो. त्याची मादी पाण्याच्या कडेला ओलसर भागावर अंडीं चिकटविते. तीं कोरडीं राहूनहि कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. टायर आंतून घांसावा लागतो. शिवाय हा डांस दिवसां चावतो. रात्रीची मच्छरदाणी दुपारीं पाळण्यांत निजलेल्या बाळाचें रक्षण करीत नाहीं. गडचिरोलीच्या हिंवतापाचा डांस रानांतील ओढ्यांत वाढतो. हा मात्र आपणच दारीं पाळलेला आहे.

टायर जाळावा तर तेंहि अनिष्टच. कॅनडांत हॅगर्सव्हिल येथें १९९० सालीं टायरांचा ढीग पेटला, तो सतरा दिवस जळत होता. होळींत गोंवऱ्या व एरंडाची फांदी शोभते; टायराचा काळा विषारी धूर नव्हे.

मग करावें काय? सांगाडा शाबूत असल्यास टायरावर नवें रबर चढवितां येतें. नाहीं तर त्याचा चुरा डांबरांत मिसळून रस्त्याला वापरतां येतो. भट्टींत तापवून त्याचें तेलहि काढतात. पण भट्टी नीट राखली नाहीं तर गांवाच्या हवेचा नाश होतो. २१ जुलै २०२२ च्या नियमांनीं जुन्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी टायर बनविणारांवर व आयात करणारांवर घातली, हें योग्यच झालें. तथापि नियम कारखानदाराला बांधतो. दुकानामागच्या ढिगावर छप्पर घालीत नाहीं.

तेव्हां नवा टायर बसवितांना जुना घरीं आणूं नये. तो झांकून ठेवण्याविषयीं दुकानदारास बजावावें. पत्र्यावरच्या टायरास भोंकें पाडावीं, झाडाचा असल्यास मातीनें पूर्ण भरावा. हें मृगापूर्वीं व्हावें, आणि पुढें घरांतील मुलांकडून दर आठवड्यास तपासणी करवावी. एकादशी पंधरा दिवसांनीं येते. डांसाचें अंड्यापासून उड्डाणापर्यंतचें काम आठ-दहा दिवसांत उरकतें. म्हणून हें व्रत आठवड्याचेंच असावें, असें आम्हांस वाटतें.