चूक दिसली तर ती सुधारता येते



आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज पॉलिटेक्निकला, बी.सी.ए.ला किंवा एखाद्या संगणक वर्गाला जाऊन पायथन नावाची भाषा शिकत आहेत. कुणाचे वडील बांधकामावर आहेत, कुणाची आई सफाई खात्यात आहे. फीचे पैसे कसे उभे राहतात ते त्या घरालाच ठाऊक. अशा मुलांच्या तोंडून एक वाक्य आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. "पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवला, तरी चालत नाही. हे आपल्या डोक्याचं काम नाही." अशा दोन-चार रात्री वाया गेल्या की मूल वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते, आणि पुढे वर्गच सोडते.

या वाक्याचा आज आपण नीट विचार करू. कारण पुष्कळदा दोष मुलाच्या डोक्यात नसतो. ज्या साधनात तो प्रोग्रॅम लिहितो ते साधन त्या भाषेसाठी लावून घेतलेले नसते, एवढेच. सुताराने रंध्याचे पाते नीट बसवले नाही तर लाकूड फाटते. तेव्हा आपण त्याच्या कारागिरीला नावे ठेवत नाही, आधी पाते बघ म्हणतो.

प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाला एडिटर म्हणतात. वर्डमध्ये अर्ज लिहितात तसा प्रोग्रॅम लिहू नये. वर्ड आपल्या मनाने सरळ अवतरण चिन्हांची वळणदार चिन्हे करतो. कागदावर ती सुंदर दिसतात, पण पायथनला ती समजत नाहीत. एडिटर मात्र आपण दिले तेच अक्षर ठेवतो. त्याला फक्त एकदा सांगावे लागते की आपण कोणत्या भाषेत लिहिणार आहोत आणि त्या भाषेची शिस्त काय आहे.

पायथनची शिस्त कोणती? हॉलंडमधील गुइडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात या भाषेचे काम सुरू केले आणि १९९१ साली ती लोकांपुढे आली. सी भाषेत कोणत्या ओळी एकत्र चालवायच्या हे महिरपी कंसांनी सांगतात. पायथनमध्ये तेच काम ओळीच्या सुरुवातीला सोडलेली मोकळी जागा करते. या जागेला इंडेंटेशन म्हणतात. जेवढ्या ओळी सारख्याच आत सरकलेल्या, तेवढ्या एका गटाच्या.

एक उदाहरण घ्या. 'गुण ३५ पेक्षा कमी असतील तर' अशी एक ओळ आहे. तिच्याखाली 'नापास असे छाप' आणि 'पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरा असे छाप' अशा दोन ओळी आत सरकवून लिहिल्या आहेत. दोन्ही आत असतील तर नापास झालेल्यालाच फॉर्म भरायचा निरोप जाईल. पण दुसरी ओळ चुकून डाव्या कडेला आली, तर ९० गुण मिळवणाऱ्या मुलीलाही फॉर्म भरा असा निरोप मिळेल! पायथन तक्रारही करणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही तसेच सांगितले आहे. इतका अर्थ त्या मोकळ्या जागेत असतो.

आता खरी अडचण सांगतो. ही मोकळी जागा दोन प्रकारांनी सोडता येते. एक, स्पेसची पट्टी चार वेळा दाबून. दोन, टॅबची कळ एकदा दाबून. ज्या आई-वडिलांनी एके काळी टायपिंगच्या क्लासला हजेरी लावली असेल त्यांना टॅब चांगला आठवत असेल. कळ दाबली की गाडी सरकत ठरवलेल्या खुणेवर जाऊन थांबायची. ती खूण कुठे ठेवायची हे मशीनवर बसणाऱ्याच्या हाती असे. संगणकातही तसेच आहे. टॅब हे एकच न दिसणारे अक्षर आहे आणि त्याची रुंदी किती दाखवायची हे प्रत्येक एडिटर आपापले ठरवतो. कुठे चार घरे, कुठे आठ.

म्हणजे काय होते पाहा. कॉलेजच्या लॅबमध्ये मुलाने स्पेस देऊन पाच ओळी लिहिल्या. घरी येऊन मित्राच्या फायलीतल्या टॅब दिलेल्या तीन ओळी त्यात चिकटवल्या. पडद्यावर सगळ्या ओळी एका रेषेत दिसतात. पण पायथनला एकीकडे चार स्पेस दिसतात, दुसरीकडे एक टॅब. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. तेव्हापासून असा अर्थाचा घोळ करणारी भेसळ तो चालवूनच घेत नाही. 'टॅबएरर' असे लिहून थांबतो. मूल बिचारे अक्षर अन् अक्षर पुस्तकाशी ताडून पाहते. सगळे बरोबर! पण जी वस्तू डोळ्यांना दिसतच नाही ती ताडणार कशी? इथेच 'आपल्या डोक्याचं काम नाही' या वाक्याचा जन्म होतो.

यावर उपाय आहे, फुकट आहे आणि अर्ध्या तासाचा आहे. आम्ही इथे जीनी नावाच्या एडिटरचे उदाहरण घेतो. त्याचे स्पेलिंग जी, ई, ए, एन, वाय असे आहे. तो २००५ पासून उपलब्ध आहे, मोफत आहे, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतो. मोठ्या कंपन्यांचे नवे एडिटर चांगले आहेत, पण त्यांना मेमरी जास्त लागते. जीनी हलका असल्यामुळे कुणाकडून जुना मिळालेल्या संगणकावरही भागते. विंडोजवर पायथन बसवताना त्याच्यासोबत आयडल नावाचा छोटा एडिटर येतो. तो मुळातच चार स्पेस देतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात त्यात शिकायलाही हरकत नाही. पण फाईल या संगणकावरून त्या संगणकावर फिरू लागली की पुढील गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

पहिली गोष्ट, न दिसणारे दिसू द्या. जीनीच्या एडिट मेनूत सर्वांत खाली 'प्रेफरन्सेस' आहे. त्यात 'एडिटर' आणि त्याच्या आत 'डिस्प्ले' उघडा. तेथे 'शो व्हाइट स्पेस' आणि 'शो इंडेंटेशन गाइड्स' या दोन चौकोनांत खूण करा. आता प्रत्येक स्पेसच्या जागी बारीक ठिपका आणि टॅबच्या जागी बाण दिसेल. ठिपक्यांच्या रांगेत बाण दिसला की चोर सापडला! तेथेच 'शो लाइन नंबर्स'वरही खूण असू द्या, कारण पायथन चूक सांगताना ओळीचा क्रमांक सांगतो.

दुसरी गोष्ट, पायथनपुरता नियम ठरवून द्या. टूल्स मेनूत 'कॉन्फिगरेशन फाइल्स' आणि त्यात 'फाइलटाइप कॉन्फिगरेशन फाइल्स' आहे. तेथे पायथनची फाईल निवडा. त्यात 'इंडेंटेशन' या मथळ्याखाली 'विड्थ' समोर ४ आणि 'टाइप' समोर शून्य असले पाहिजे. शून्य म्हणजे स्पेस, एक म्हणजे टॅब. आकडे इंग्रजीतच लिहावेत. ओळीच्या आधी हॅशचे चिन्ह असेल तर ती ओळ बंद आहे असे समजावे; ते चिन्ह खोडले की ओळ चालू होते. आधीच सारे बरोबर असेल तर हात लावू नये. फाईल सेव्ह करावी आणि जीनी एकदा बंद करून पुन्हा उघडावा. आता टॅबची कळ दाबली तरी चार स्पेसच उमटतील. पायथनची फाईल उघडी असताना खालच्या पट्टीत 'एस.पी.' ही अक्षरे दिसली की काम झाले.

चारच का? पायथनच्या मंडळींनी लिहिण्याची शिस्त २००१ साली एका टिपणात घालून दिली. ते टिपण 'पेप ८' म्हणून ओळखले जाते. त्यात चार स्पेस आणि एका ओळीत जास्तीत जास्त ७९ अक्षरे असे सांगितले आहे. 'डिस्प्ले' मध्येच 'लाँग लाइन मार्कर' आहे, तेथे ७९ लिहिले की पानाला उजवीकडे उभी रेघ मिळते, वहीच्या समासासारखी.

काही जण विचारतील, हा नियम सगळ्याच फायलींना का लावू नये? कारण प्रत्येक भाषेची रीत वेगळी आहे. सी शिकणाऱ्या मुलांना पुढे 'मेकफाइल' नावाची फाईल लिहावी लागते. तिच्यात आज्ञांच्या ओळींआधी टॅबच लागतो, स्पेस दिले तर ती चालत नाही. एकाच घरात थोरला सी आणि धाकटी पायथन शिकत असेल, तर एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचे बिघडता कामा नये. म्हणून नियम भाषेपुरता.

तिसरी गोष्ट, जुन्या फायली धुऊन घ्या. मित्राकडून आलेली फाईल उघडली की डॉक्युमेंट मेनूत 'रिप्लेस टॅब्स विथ स्पेसेस' दाबावे. बाण जातील, ठिपके येतील. मग ओळी आपापल्या जागी आहेत ना, हे एकवार डोळ्यांखालून घालावे. मोबाईलवर प्रोग्रॅम पाठवायचा असेल तर मजकूर म्हणून न चिकटवता फाईल म्हणून पाठवावा.

चौथी गोष्ट, ओळ आपोआप आत सरकू द्या. 'एडिटर' मधील 'इंडेंटेशन' या भागात 'ऑटो-इंडेंट मोड' आहे. तेथे 'करंट कॅरेक्टर्स' निवडा. मग अपूर्णविरामाची दोन टिंबे देऊन एंटर दाबले की पुढची ओळ आपोआप आत जाईल. ती गेली नाही तर समजावे, टिंबे द्यायची राहिली.

पाचवी गोष्ट मराठीची. 'प्रेफरन्सेस' मध्ये 'फाइल्स' या भागात नव्या फायलींची सांकेतिक पद्धत यू.टी.एफ.-८ असल्याची खात्री करा. तिसऱ्या पायथनची हीच पद्धत आहे. मग आपल्या प्रोग्रॅममध्ये मराठी नावे बेलाशक लिहिता येतात. वस्तीतल्या वाचनालयाची यादी, बचत गटाचा हिशेब, सारे आपल्या लिपीत. एक गंमत करून पाहा. 'मराठी' या शब्दात किती अक्षरे आहेत हे पायथनला विचारा. आपण तीन म्हणतो, तो पाच म्हणेल. म, र, काना, ठ आणि वेलांटी असे तो सुटे मोजतो.

एवढे झाले की फाईल सेव्ह करून एफ-५ ची कळ दाबावी. जीनी पायथनला बोलावून प्रोग्रॅम चालवतो. लिनक्सवर पायथन सापडत नाही अशी तक्रार आली, तर बिल्ड मेनूतील 'सेट बिल्ड कमांड्स' मध्ये 'एक्झिक्यूट' समोर पायथन या शब्दाला जोडून ३ लिहावे. विंडोजवर आणखी एक खोडी आहे. नोटपॅडमध्ये फाईल सेव्ह केली की तिच्या नावामागे टी.एक्स.टी. ही अक्षरे चिकटतात आणि विंडोज ती लपवून ठेवतो. म्हणून फायलींच्या नावांची शेपटी दाखवण्याची सोय चालू ठेवावी. पायथनच्या फाईलची शेपटी पी.वाय. हीच हवी.

आता पालकांशी दोन शब्द. आपल्याला इंग्रजी येत नाही, संगणक येत नाही, म्हणून आपण मुलाला काय मदत करणार, असे समजू नका. मूल वैतागून उठू लागले की त्याला जवळ बसवा आणि विचारा, "किती नंबरची ओळ म्हणतो तो? मोठ्याने वाचून दाखव." मग म्हणा, "त्याच्या वरची ओळही वाच." पुष्कळदा खोट एक ओळ वर असते. मोठ्याने वाचताना अर्ध्या चुका मुलालाच सापडतात. आणि एवढ्यातेवढ्या मांडणीसाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मोफत सॉफ्टवेअरचे धडे तयार केले आहेत, त्यांतील अनेक मराठीतही ऐकायला मिळतात. तेही फुकट आहेत.

जी मुले पुढे गेली आहेत त्यांच्याकडून आमची एक अपेक्षा आहे. विहाराच्या अभ्यासिकेत किंवा वस्तीतल्या वाचनालयात एखादा संगणक असेल, तर या रविवारी जाऊन तो नीट लावून द्या. वर सांगितलेल्या पाच गोष्टी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून शेजारच्या भिंतीवर चिकटवा. तुम्ही ज्या ठेचा खाल्ल्या त्याच धाकट्या भावंडांनी पुन्हा खाव्यात असे काही नाही. तर्क शिकायला कष्ट पडतात आणि ते प्रत्येकाने करायचेच आहेत. पण न दिसणाऱ्या टॅबपायी एखाद्या मुलीने स्वतःला ढ ठरवून वही मिटावी, एवढी स्वस्त आपली मुले नाहीत.