पांढरी माशी आणि पाठीवरचा पंप

मूळची मध्य अमेरिकेतली एक पांढरी माशी २०१६ साली तमिळनाडूतील पोल्लाची भागात नारळावर सापडली. रुगोज चक्राकार पांढरी माशी हे तिचे नाव. पुढे ती केरळ, कर्नाटकातून कोकणच्या बागांत आली. परदेशी कीड रोखायला १९१४चा कायदा आहे, २००३चा आदेश आहे, बंदरांवर तपासणी केंद्रे आहेत. मग ती आत आली कशी? याचा जाब कोणी द्यायचा?

ही माशी पानाखाली बसून रस शोषते. तिचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. झावळ्या काजळी फासल्यासारख्या दिसू लागल्या की बागायतदार घाबरतो आणि जहाल औषध आणतो. इथेच चूक होते. एन्कार्सिया नावाचा बारीकसा मित्रकीटक या माशीच्या पिलांत अंडी घालून तिला आटोक्यात ठेवतो. म्हणूनच रासायनिक फवारणी टाळा, असे शास्त्रज्ञ सांगतात. फवारले की आधी मित्रच मरतो.

माणूसही मरतो. उंच झाडावर खालून फवारले तर विष फवारणाऱ्याच्याच अंगावर ठिबकते. कापसावरची पांढरी माशी वेगळी आणि इथे जुनीच. पण पंप तोच आणि पंपाखालची पाठही तीच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. शेतकरी होते, तसे रोजंदारीचे मजूरही होते. १९७१चे कीटकनाशक नियम फवारणाऱ्याला संरक्षक कपडे द्या म्हणतात. शेतात दिसते ते तोंडाला बांधलेले फडके!

पिकाची भरपाई सातबारा पाहून मिळते. ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याने कोणता कागद दाखवायचा? २०१५ साली पंजाबात पांढऱ्या माशीने कापूस बुडवला. तेव्हा मजुरांनाही भरपाईत वाटा देण्याचे तिथल्या सरकारला जाहीर करावे लागले. महाराष्ट्रात ही मागणी आपण का लावून धरत नाही?

विषबाधेच्या दाव्यात पहिला प्रश्न येतो, हा मजूर तुमच्याकडे कामाला होता याचा पुरावा काय? तेव्हा फवारणीला जाणाऱ्याने मालकाचे नाव, शेत, तारीख आणि औषधाचे नाव घरी लिहून ठेवावे. ज्याला लिहिता येत नाही त्याला वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी लिहून द्यावे.