संतुलित संघ कसा बांधावा? पोकेमॉनकडून शिकलेला एक धडा



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. "बाईंना दुसरा विषय मिळाला नाही का?" असंही कुणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं. पण एका चौथीतल्या मुलाने मला या खेळातून जे दाखवलं, ते डी.एड.च्या दोन वर्षांत माझ्या नीट डोक्यात शिरलं नव्हतं. म्हणून लिहिते.

आमचा भाग धसईचा. मुरबाड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. 1 डिसेंबर 2016 ला धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आले होते. भाजीवाल्याकडे, वडापाववाल्याकडे कार्ड घासायची मशीन आली. त्याच महिन्यात पोकेमॉन गो हा मोबाईलवरचा खेळ अधिकृतपणे भारतात आला. त्या वेळी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज मात्र आमच्या वाडी-वस्तीवरच्या घरातसुद्धा एक तरी स्मार्टफोन आहे आणि मुलांच्या बोलण्यात हे असले खेळ आहेत. आपण डोळे मिटले म्हणून ते जाणार नाहीत.

वहीचं शेवटचं पान

एकदा गृहपाठ तपासताना एका मुलाच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर मोठा तक्ता दिसला. आडवी-उभी नावं आणि मधे 2, अर्धा, 0 असे आकडे. पुढच्या पानांवर भागाकार अर्धवट सोडलेले! मी चिडले. पान फाडायला हात पुढे केला, तेवढ्यात शेजारचा मुलगा म्हणाला, "बाई, तो पोकेमॉनची टीम काढतो."

हा मुलगा वाचनात मागे. वर्गात फारसा बोलत नाही. सुट्टीत डोंबिवलीला मामाकडे जातो, तिथे मामाच्या मोबाईलवर खेळतो आणि गावी आला की कागदावर. त्याचे वडील पालकसभेला येऊन म्हणाले होते, "बाई, ह्याला जरा दम द्या. अभ्यासात डोकं नाय, नुसतं ते भूत घेऊन बसतो." मीही मान डोलावली होती.

त्याच आठवड्यात केंद्रस्तरावरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला तीन मुलांची नावं द्यायची होती. मी वर्गातली पहिली तीन मुलं निवडली. तिघंही हुशार, अक्षर सुंदर, पाठांतर पक्कं. नावं फळ्यावर लिहिली तर हा मुलगा हळूच म्हणाला, "बाई, तुमची टीम पडंल. सगळे एकाच टाइपचे हायेत."

मी त्याला गप्प बसवलं.

प्रदर्शनात आमचं वाळू-खडी-कोळशाचं पाणी गाळायचं यंत्र ऐन तपासणीच्या वेळी गळायला लागलं. तिन्ही मुलांना माहिती तोंडपाठ होती, पण गळती कुठून आहे हे एकालाही शोधता येईना. एक तर रडायलाच लागला. हा मुलगा घरी भेंडीच्या मळ्यात वडिलांबरोबर ठिबकच्या नळ्या जोडतो. तो त्या दिवशी शाळेत बसून होता. चूक माझी होती, मुलांची नव्हे.

खेळात संघ कसा बांधतात?

त्यानंतर मी त्याच्याजवळ बसून तो तक्ता समजून घेतला. ज्या पालकांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

पोकेमॉनचा पहिला खेळ जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 ला बाजारात आला. तो बनवणारे सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमवायचा नाद होता. पहिल्या पावसात मुठे पकडायला धावणाऱ्या आपल्या पोरांना तो माणूस लगेच समजेल. माझ्या वयाच्या शिक्षकांनी हे पोकेमॉन टीव्हीवर पाहिले असतील, चिप्सच्या पुड्यातल्या टॅझोवरही पाहिले असतील.

या खेळात प्रत्येक प्राण्याचा एक किंवा दोन प्रकार असतात. आग, पाणी, गवत, वीज, जमीन, दगड असे एकूण 18 प्रकार आहेत. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी. भारी प्रकाराचा हल्ला दुप्पट लागतो, कमजोर प्रकाराचा निम्मा. काही ठिकाणी तर शून्य. विजेचा हल्ला जमीन प्रकारच्या प्राण्याला लागतच नाही. प्राण्याचे दोन प्रकार असतील तर दोन्हींचा गुणाकार करायचा. दुप्पट गुणिले दुप्पट म्हणजे चौपट, दुप्पट गुणिले निम्मा म्हणजे जसाच्या तसा. (हे मूळ खेळातलं. पोकेमॉन गो मध्ये दुपटीऐवजी 1.6 पट धरतात.) आपला हा "गणितात डोकं नसलेला" मुलगा हे गुणाकार तोंडी करत होता.

आता संघाकडे या. पोकेमॉन गो मधल्या लढतीत तीन प्राण्यांचा संघ असतो. समजा, तिन्ही पाण्याचेच घेतले आणि तिन्ही खूप ताकदवान आहेत. समोरच्याकडे विजेचा एक चांगला प्राणी असला तरी तिघं एकामागून एक पडतात. म्हणून पहिला निवडला की आधी विचारायचं, याला कोण पाडतो? त्याला अडवणारा तो दुसरा. मग दोघांना मिळून काय जमत नाही? ते जमणारा तो तिसरा. जाणते खेळाडू कामंही वाटून देतात: एक सुरुवातीला भिडणारा, एक अडचणीत बदली म्हणून येणारा आणि एक शेवट करणारा.

यात ग्रेट लीग नावाची एक पातळी आहे. तिथे 1500 पेक्षा जास्त ताकदीचा प्राणी चालतच नाही. सगळ्यांत मोठे प्राणी बाहेर राहतात आणि एरवी कुणी विचारत नाही असे मधले प्राणी कामाला येतात. मला हा नियम फार आवडला.

एका खारीची गोष्ट

या खेळाची दरवर्षी जागतिक स्पर्धा होते. 2014 ची स्पर्धा अमेरिकेत वॉशिंग्टनला झाली. ती दोन-दोनच्या जोडीने लढायची. दक्षिण कोरियाच्या से-जुन पार्क या खेळाडूने संघात पाचिरिसू नावाची छोटी विजेची खार घेतली होती. तिची ताकद बेताची. मोठ्या स्पर्धेत तिला घेणं म्हणजे लोकांना गंमतच वाटावी. पण त्याच्या संघात ग्याराडोस हा मोठा प्राणी होता, पाणी आणि उड्डाण अशा दोन प्रकारांचा. त्याला वीज चौपट लागते. खारीकडे समोरच्याचे हल्ले स्वतःकडे ओढून घ्यायची युक्ती होती आणि अंगावर आलेल्या विजेने तिला इजा न होता उलट बळ मिळायचं. म्हणजे ज्या हल्ल्याने मोठा पडला असता, तोच हल्ला छोटीला औषधासारखा. पार्क जगज्जेता झाला.

मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरची दोन मुलं सरळ होऊन बसली. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही.

हे आपल्याकडे नवीन नाही

खरं तर संतुलित संघ ही गोष्ट आपल्या गावाला शिकवायची गरज नाही. कबड्डीत सातही जण चढाईवालेच घेतले तर कोपरे कोण धरणार? भाताच्या लावणीला सावडीने माणसं येतात, त्यात कुणी आवण खणतं, कुणी चिखलणी करतं, कुणाचा लावणीला हात चालतो. सगळेच नांगरामागे गेले तर दिवस मावळला तरी वावर तसंच. घरच्या कामात आपण हे सहज करतो. शाळेत आलो की मात्र गुणांची यादी काढतो आणि वरून तीन नावं उचलतो.

का करतो? सोपं पडतं म्हणून. पालकही विचारत नाहीत. "पहिला नंबर आला म्हणून निवडला" असं म्हटलं की वाद मिटतो. पण त्याच त्या चार मुलांना वक्तृत्व, प्रदर्शन, प्रश्नमंजूषा, सगळीकडे पाठवून आपण उरलेल्यांना वर्षभर काय सांगतो? तुमचं इथे काम नाही, एवढंच. चौथीतल्या मुलाने हे एकदा मनात धरलं की पाचवीत त्याला शाळेत टिकवणं जड जातं.

एक सावधगिरी

तरीही खेळातलं सगळंच जसंच्या तसं वर्गात आणू नये. पोकेमॉनचा प्रकार सहसा ठरलेला असतो. आगीचा तो आगीचाच. मूल तसं नसतं. "तू नळ्या जोड, तू बोल, तू लिही" अशी वाटणी कायमची केली तर नळ्या जोडणारा मुलगा कधी बोलायला शिकणारच नाही. म्हणून मी आता दोन वेगळे नियम पाळते. स्पर्धेला जाताना ज्याला जे येतं ते काम त्याला. वर्गातल्या सरावात मात्र कामं उलटी. वाचणारीने जोडायचं, जोडणाऱ्याने वाचायचं. सुरुवातीला वेळ जातो, गोंधळ होतो, पण मूल त्यातच वाढतं.

आणि मुलांवर ताकदीचे आकडे कधीही लावायचे नाहीत. ते कार्डावरच ठेवायचे.

वर्गात करून बघा: आपल्या रानातले प्राणी

मोबाईल अजिबात लागत नाही. जुन्या पुठ्ठ्याची कार्डं कापा. प्रत्येक मुलाने आजूबाजूचा एक प्राणी काढायचा. आमच्याकडे मुठा, मुंगूस, घुबड, साप, बेडूक, कावळा, घोरपड असे आले. प्रत्येक कार्डावर ताकद, बचाव आणि वेग असे तीन आकडे लिहायचे, पण तिन्हींची बेरीज बरोबर 100 झाली पाहिजे. वेग वाढवला की दुसरीकडे कमी करावं लागतं. मग कोण कुणाला भारी हे वर्गाने मिळून ठरवायचं. साप बेडकाला भारी, मुंगूस सापाला भारी. भारी असेल तर ताकद दुप्पट, कमजोर असेल तर निम्मी. तीन-तीन कार्डांचा संघ करायचा आणि खेळण्याआधी प्रत्येकाने दोन वाक्यं लिहायची: माझ्या संघाची कमजोरी कोणती? ती मी कशी झाकली?

बेरीज, दुप्पट-निम्मे, परिसर अभ्यास आणि लेखन, चारही एका तासात होतं. दुसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. बिनकमजोरीचा संघ कुणालाच बांधता येत नाही, हे मुलांना तिसऱ्या-चौथ्या डावात आपोआप कळतं.

पालकांसाठी दोन शब्द

मी मोबाईलची वकिली करत नाही. पोकेमॉन गो चालत फिरत खेळायचा खेळ आहे. आमच्या रस्त्यावरून मोबाईलमध्ये बघत चालणं म्हणजे जीवाशी खेळ. त्यात खऱ्या पैशांनी वस्तू विकतही घेता येतात, म्हणून फोनमधला पैशांचा पिन मुलांना सांगू नका. वेळ ठरवून द्या आणि मोठ्यांच्या समोरच खेळू द्या. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ हा वेगळाच प्रकार आहे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कायदा करून त्यावर बंदी आणली, त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना मात्र वेगळी मान्यता दिली. मूल कोणता खेळ खेळतंय हे आधी बघा, मग रागवा.

आणि रागवण्याआधी एकदा विचारा, "मला समजावून सांग, तू हाच का निवडला?" उत्तरात "कारण" हा शब्द आला तर समजा की मूल विचार करतंय. "असाच" म्हणालं, नुसती बोटं चालत असतील, तर फोन खुशाल काढून घ्या.

त्या मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावून तो तक्ता दाखवला. त्याला पाच-सहा गुणाकार विचारले, त्याने सांगितले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटलं, नुसता खेळतोय." मी म्हटलं, "मलाही तेच वाटलं होतं, दादा."

पुढच्या प्रदर्शनाला मी तीन वेगळी मुलं नेली: एक बोलणारी, एक टापटिपीने लिहिणारी आणि एक हाताने कामं करणारा. नंबर आला नाही. पण परीक्षकांनी पंप बंद करून "आता काय कराल?" असं विचारलं, तेव्हा तिघं एकमेकांकडे बघून कामाला लागले. रडलं कुणी नाही.

तो मुलगा आज पाचवीत आहे. वाचन अजून हळूच आहे, पण कार्डांवरची नावं वाचता वाचता जोडाक्षरं सुधारली. चौथीची मुलं कार्डं घेऊन मधल्या सुट्टीत त्याच्याकडेच संघ तपासायला जातात.

तुमच्या शाळेतली पुढच्या स्पर्धेची यादी करताना एकदा थांबा आणि बघा, सगळे एकाच प्रकारचे तर नाहीत ना? तुमच्या वर्गात काय घडलं ते नक्की कळवा.