एकाच तालुक्यात दोन आश्वासने

मा. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मराठा आरक्षणाचे आंदोलन करणाऱ्या मनोज जरांगे यांनी महाराष्ट्रात जातीजातींत भांडण लावले, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू हाच दोष ओबीसी नेते छगन भुजबळ आणि लक्ष्मण हाके यांना देते. जालना जिल्ह्यातला एक साधा नागरिक म्हणून मी आपल्याला विचारतो, ही नावे घेतली की राज्यकर्त्यांची जबाबदारी संपते का?

या भांडणाच्या आधीचा हिशेब आपल्याला तोंडपाठ आहे. २०१४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने मराठा समाजासाठी १६ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०१८ मध्ये आपण या आरक्षणाचा कायदा केलात. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा तर १९९२ पासून सर्वांना ठाऊक होती. कोरडवाहू कापसाच्या पैशांवर मुलाची फी भरणाऱ्या बापाला मग ‘टिकणारे आरक्षण’ कोणत्या भरवशावर सांगितले गेले?

१ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत जरांगे यांच्या उपोषणाच्या ठिकाणी पोलिसांचा लाठीमार झाला. तोवर जरांगे यांचे नाव राज्यात फार थोड्यांना माहीत होते. गृहमंत्री म्हणून आपण क्षमा मागितलीत, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्या नेत्याला रातोरात मोठे कोणी केले, हेही विसरलेलो नाही.

पुढचे तर आमच्या डोळ्यांदेखत घडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अंबडच्या सभेत आपल्याच सरकारमधले मंत्री भुजबळ जरांगेंवर तुटून पडले. जानेवारी २०२४ मध्ये वाशीत, कुणबी नोंद सापडलेल्या मराठ्यांच्या सगेसोयऱ्यांनाही कुणबी (ओबीसी) दाखले देण्याच्या अधिसूचनेचा मसुदा हाती देऊन जरांगेंचा मोर्चा परत पाठवला. जूनमध्ये सरकारचे मंत्री अंतरवालीत मुदत मागून गेले आणि त्याच महिन्यात जवळच्या वडीगोद्रीत हाके यांचे उपोषण सोडवायलाही आले. एका मंडपात ‘आरक्षण देतो’, दुसऱ्या मंडपात ‘ओबीसी आरक्षणाला धक्का लागू देणार नाही’. सगेसोयऱ्यांच्या त्या मसुद्याचे पुढे काय झाले?

जातीवरून माणसे तोडणारी भाषा कोणत्याही व्यासपीठावरून आली तरी ती विषारीच आहे आणि बोलणाऱ्याला तिचा जाब द्यावाच लागेल. पण ती ऐकायला एवढी माणसे का जमतात? शब्द मोडल्याचा राग आधीच घराघरांत होता. नेत्यांनी तो शेजाऱ्याकडे वळवला आणि आपल्या दुहेरी आश्वासनांनी त्यांचे काम सोपे केले.

२ सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या शासन निर्णयाने मराठ्यांची मागणी मान्य झाली, असे सांगितले गेले. ओबीसींचे काहीही गेले नाही, असेही सांगितले गेले. दोन्ही एकाच वेळी खरे कसे? त्या निर्णयाने तालुकावार किती दाखले निघाले? २०२४ मध्ये मराठ्यांना दिलेल्या १० टक्के आरक्षणातून जालन्यातल्या किती मुलांना नोकरी लागली?

ही उत्तरे लेखी द्या आणि अंतरवालीत व वडीगोद्रीत एकाच कागदावरून वाचून दाखवा.

आपला,
जालना जिल्ह्यातील एक नागरिक