पहिली उबवणी आणि आपण

दिवाळी उलटली की आपल्यापैकी अनेकांना एक फोन हमखास येतो. ‘उबवायची अंडी मिळतील का? दहा-बाराच हवीत.’ विचारणारा भोसरीत सीएनसी मशीन चालवणारा असतो, महाळुंग्यात खोली घेऊन राहणारा लातूर-बीडकडचा तरुण असतो, किंवा चिखली-मोशीत घरामागे थोडी जागा राखून असलेले कुटुंब असते. गावाकडे आजीने टोपलीत भुसा घालून खुडूक कोंबडी बसवलेली या सगळ्यांनी पाहिलेली आहे. इथे खुडूक कोंबडी नाही, म्हणून थर्मोकोलचा खोका, साठ वॅटचा बल्ब, संगणकातला जुना पंखा आणि ऑनलाइन मागवलेला थर्मोस्टॅट अशी जुळणी करून हा माणूस आपल्या दारात उभा राहतो. आपण अंडी मोजून देतो, पैसे घेतो आणि ‘बघा, निघतील’ म्हणून मोकळे होतो.

ही मोकळीक आपल्याला शोभत नाही. व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्यालय पुण्यात, पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकीला. उबवणीचे ज्ञान याच जिल्ह्यात मुबलक आहे, पण ते लाखांच्या हिशेबात अडकलेले आहे. दहा अंडीवाला कोणाचेच गिऱ्हाईक नाही. त्याच्या पहिल्या लॉटमधून दोनच पिल्ले निघाली की तो खापर यंत्रावर तरी फोडतो, नाही तर आपल्या अंड्यांवर. खरे कारण बहुतेक वेळा तिसरेच असते: चुकलेले माप.

मापाची गोष्ट या औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागू नये. कारखान्यातल्या प्रत्येक व्हर्नियरवर, मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचे स्टिकर असते. तारीख उलटलेल्या गेजने घेतलेले माप क्वालिटीवाला मान्य करत नाही. तोच माणूस घरी मात्र स्वस्तातल्या डिजिटल मीटरवर ३७.५ दिसले की निर्धास्त झोपतो. पंख्याच्या पेटीत अंड्यांना ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस लागते. मीटर दीड अंशाने कमी दाखवत असेल, तर अंडी रात्रंदिवस ३९ अंशांत शिजत असतात. थोडी कमी उष्णता गर्भ सोसतो, पिल्लू उशिरा निघते एवढेच. जादा उष्णता तो सोसत नाही. इजिप्तमधल्या मातीच्या उबवणी भट्ट्यांतले कारागीर अंडे पापणीला लावून उष्णता ओळखत. पिढ्यान्‌पिढ्यांची ती जाण आपल्या गिऱ्हाइकाकडे नाही, पण ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर घरोघर आहे आणि तो नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. वाटीभर कोमट पाण्यात त्याचे टोक आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर शेजारी शेजारी धरायचा. जो फरक दिसेल तो कागदावर लिहून पेटीवर चिकटवायचा. पाच मिनिटांचे काम आहे. अंडी देण्याआधी ‘हे केलंत का?’ एवढे तरी विचारायला हवे.

सेन्सर कुठे लटकतो, हेही पाहायला सांगा. तो झाकणाला चिकटवलेला असला तर झाकणाची उष्णता मोजतो. तो अंड्यांच्या उंचीवर आणि बल्बच्या थेट झोतापासून दूर हवा. बाजारातला सर्वाधिक खपाचा डब्ल्यू-१२०९ थर्मोस्टॅट चालू-बंदमध्ये २ अंशांचा फरक लावूनच येतो. ती सेटिंग पी-१ मध्ये जाऊन अर्ध्या अंशाच्या आत आणावी लागते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी पेट्यांत उष्णता एकवीस दिवस सतत वर-खाली होत राहते.

आर्द्रतेबाबत आपण सगळेच एक ठरावीक वाक्य फेकतो: अठरा दिवस पन्नास-पंचावन्न टक्के, पुढे पासष्ट-सत्तर. वाक्य बरोबर आहे, पण ऋतूशिवाय ते अपुरे आहे. पावसाळ्यात बाहेर २५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा पेटीत तापली की आर्द्रता चाळीसच्या आसपास उतरते. लहानशी वाटीभर पाणी पुरते. हिवाळ्यात पहाटे १५ अंश आणि ६० टक्के असलेली हवा आत जेमतेम १५ टक्क्यांवर येते. तेव्हा पसरट भांडे हवे. आणि आर्द्रतामापकावर भरवसा नसेल तर तराजू घ्यावा. दहा अंड्यांचा ट्रे ५०० ग्रॅम भरला असेल, तर सातव्या दिवशी तो पावणेपाचशे ते ४८० आणि अठराव्या दिवशी ४४० च्या जवळपास यायला हवा. वजन कमी घटले तर पाणी कमी करा, जास्त घटले तर वाढवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे कोणत्याही स्वस्त मीटरपेक्षा खरे बोलतो.

आता गुरुवार. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक भागात अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि महावितरणची देखभाल-दुरुस्तीही बहुधा त्याच दिवशी निघते. एकवीस दिवसांत तीन गुरुवार येणारच. नवखा माणूस हौसेने सुट्टीच्या दिवशी अंडी लावतो आणि तीन आठवड्यांनी, पिल्ले कवच टोचत असताना, नेमकी वीज जाते. त्याला रविवारी संध्याकाळी लावायला सांगा. शनिवारी चाकणच्या बाजाराला आलेल्या पाळकाकडून अंडी घेतली, तर प्रवासात हलल्यानंतर रुंद टोक वर ठेवून एक रात्र स्थिर राहायला त्यांना वेळ मिळतो. रविवारी लावलेल्या अंड्यांचा अकरावा आणि अठरावा दिवस गुरुवारी येतो. अकराव्याला अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर धरले की वाढते अंडे ओळखायला नवख्यालाही कठीण जात नाही: रुंद टोकाला हवेची स्वच्छ पोकळी, खाली गडद सावली आणि कवचाच्या आतून पसरलेल्या लाल शिरा. रिकामे अंडे आरपार पिवळट दिसते. अठराव्याला अंडी फिरवणे थांबवायचे, पाणी वाढवायचे. त्या दिवशी वीज गेली तरी धास्ती नाही, कारण तोवर गर्भ स्वतः उष्णता निर्माण करू लागलेला असतो. पेटीवर गोधडी टाका, मात्र हवेची भोके झाकू नका. याच दिवसांत पिल्लाला प्राणवायू सर्वाधिक लागतो.

अंड्यांबद्दल आपली जबाबदारी सर्वांत मोठी आहे. किराणा दुकानातली पांढरी अंडी पिंजऱ्यातल्या लेयरची, त्या फार्मवर नरच नसतो. ती महिनाभर उबवली तरी काही निघणार नाही. हे सांगायला आपल्याला लाज वाटू नये आणि आपल्याकडे दहा माद्यांमागे एक नर नसेल, तर ‘फलित’ म्हणून अंडी विकायलाही नको. आठवड्याहून जुनी अंडी देऊ नयेत. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली तर नकोच. खोलीची उष्णता वीस अंशांच्या वर गेली की गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरू शकतो. मार्च ते मे या काळात पहिल्यांदाच करणाऱ्याला सरळ नाही म्हणावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटच्या दिवशी झाकण उघडू नका, हे सगळे सांगतात. कारण कोणी सांगत नाही. कवचाला भोक पडल्यावर झाकण उघडले की आतला दमटपणा निघून जातो, अंड्यातला पातळ पडदा सुकून पिल्लाला आवळतो. भोक पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज निभावते. घाई पिल्लाला नसते, घरच्यांना असते.

आणि अंडी देण्याआधीच दोन गोष्टी बोलून घ्या. निम्मे नर निघतील. सोसायटीच्या गॅलरीत पहाटे चारला आरवणारा कोंबडा कोणी खपवून घेणार नाही, तेव्हा नर कोण घेणार हे आधी ठरवा. शक्य असेल त्याने ते स्वतः परत घेण्याची तयारी ठेवावी. दुसरे, लसीकरण. मॅरेक्सची लस पहिल्याच दिवशी लागते आणि ती एका कुपीत शेकडो मात्रांची येते. दहा पिल्लांसाठी ती कोणी फोडत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशीची मानमोडीवरची लासोटा लस तरी मिळावी, म्हणून जवळपासच्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले काढावीत, असे आपण जुळवून देऊ शकतो. मानमोडीने पिल्ले गेलेले घर पुन्हा कोंबडीकडे वळत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

या हंगामापासून एवढे करा: नवख्याला अंडी देताना ट्रेवर अंडी घातल्याची तारीख आणि कळपातले नर-मादी प्रमाण लिहून द्या, थर्मामीटर तपासल्याशिवाय ट्रे हातात देऊ नका, आणि अकराव्या दिवशी त्याला स्वतःहून फोन करा.